लॉकमधली पंधरा मिनिटं

आपली बायको रोसविटा गेल्याचं आल्विनला बर्नकास्टेलच्या धक्क्यावर कळलं. मे महिन्यातली दुपार होती. त्याच्या बोटीवरचे प्रवासी गावात हिंडायला गेले होते. चौकातली वाकडी घरं बघून, थोडी वाइन चाखून चार वाजता परतणार होते. तेवढ्यात मेव्हणीचा, गेर्लिंडेचा फोन आला. सकाळी बेकरीत भट्टीसमोरच्या स्टुलावर रोसविटा जरा टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले होते.

आल्विन "बरं" म्हणाला. फोन खिशात ठेवून तो डेकवरच्या खुर्च्या सरळ करू लागला. त्या सरळच होत्या.

त्याच्या हाताखालचा डेटलेफ म्हणाला की गाडी मागवतो, अर्ध्या तासात घरी पोचाल, बोट मी नेतो. आल्विननं आणखी एक खुर्ची सरळ केली.

"नको," तो म्हणाला. "तिच्याकडे मी नेहमी पाण्यानंच गेलोय."

चार वाजता प्रवासी आले आणि त्यानं बोट सोडली.

चाळीस वर्षांपूर्वी ती त्याला पहिल्यांदा दिसली, तेव्हाही तो बोटीवरच होता. आल्फेनबाख गावाशी मोझेल नदीला बांध आहे आणि बांधाशेजारी लॉक. वरून आलेली बोट त्या लांब हौदात शिरते, दारं बंद होतात, पाणी सोडलं जातं आणि बोट भिंतीच्या कडेनं दोन मजले खाली उतरते. खलाशानं तेव्हा एकच गोष्ट सांभाळायची. भिंतीवरच्या खुंट्याला घातलेला दोर पाण्याबरोबर सैल सोडत राहायचा. चोवीस वर्षांच्या आल्विनला हे झोपेतही जमत होतं. पण त्या दिवशी भिंतीवर एक मुलगी उभी होती. पिठानं पांढरा झालेला एप्रन, हातात बोटीसाठी आणलेल्या पावांची टोपली, आणि तोंडावर येणारे केस ती कोपरानं मागे सारत होती... आल्विन बघत राहिला आणि दोराचे वेढे तसेच राहिले.

पाणी उतरलं, बोट उतरेना. ती दोराला लटकून एका बाजूला कलली. टेबलांवरचे कप घसरले, एका बाईंच्या मांडीत सबंध केक गेला, आणि म्हातारे कप्तान श्टोल शिव्या देत कुऱ्हाड घेऊन धावले. दोर तुटला तशी बोट धपकन पाण्यात बसली. भिंतीवरची मुलगी पोट धरून हसत होती.

चार दिवसांनी बोट कोब्लेन्झहून पुन्हा वर निघाली. आता ती लॉकमध्ये तळाशी होती आणि मुलगी उंच भिंतीवर. तिनं पावांची टोपली बारीक दोरानं खाली सोडली.

"हा दोर तरी सोडता येईल ना तुम्हाला?" तिनं वरून विचारलं. "की कुऱ्हाड पाठवू?"

"तुम्ही समोर नसलात की मला सगळं येतं," आल्विन म्हणाला.

टोपली रिकामी होऊन वर गेली, पण मुलगी गेली नाही. पाणी भरत गेलं, बोट चढत गेली. आधी तिचे बूट त्याच्या डोळ्यांसमोर आले, मग एप्रनचा खिसा, मग चेहरा. इतक्या जवळून बघायची दोघांचीही तयारी नव्हती. तिनं नाव सांगितलं, त्यानं सांगितलं, आणि पुढचं दार उघडलं.

त्या उन्हाळ्यात त्यांचं सगळं बोलणं तिथंच झालं. आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. बोट वर जाताना बोलणं ओरडून सुरू व्हायचं आणि कुजबुजीत संपायचं. खाली येताना उलटं. शहाणा माणूस मनातलं वर चढताना बोलला असता. आल्विननं नेमकं उलट केलं.

ऑक्टोबर संपत आला होता. अजून एक फेरी, मग बोटी थंडीपुरत्या कोब्लेन्झला बांधून ठेवायच्या. खाली जाताना दोघं समोरासमोर होते तोवर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिचा चेहरा वर वर जायला लागला तेव्हा कुठं तो म्हणाला,

"रोसविटा... तू माझ्याशी... म्हणजे, लग्न करशील?"

ती वाकली. काही म्हणणार, तोच डेकवरच्या सगळ्या म्हाताऱ्या प्रवाशांनी माना वर केल्या. बोट उतरतच होती.

"हो म्हणून टाक, पोरी," एक आजोबा म्हणाले. "माझी मान दुखायला लागली."

रोसविटा कानापर्यंत लाल झाली. "वर येशील तेव्हा सांगते," ती ओरडली आणि टोपली तिथंच टाकून पळाली.

त्यानंतर नदीला पूर आला. लॉक बंद, बोटी बंद. आल्विन अकरा दिवस कोब्लेन्झच्या धक्क्यावर पाण्याची खूण बघत बसला. पाणी वीतभर उतरायचं आणि रात्रीत पुन्हा चढायचं. न राहवून त्यानं एकदा बेकरीला फोन केला. तिच्या वडिलांनी उचलला. आल्विन गडबडला. त्यानं चाळीस पाव सांगितले आणि फोन ठेवून दिला.

बाराव्या दिवशी बोट निघाली. रोसविटा भिंतीवर होती, पांढरा एप्रन नव्हता, निळा कोट होता. आल्विन खालून तिच्याकडे बघत होता. पाणी इतकं सावकाश भरताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दोर मात्र तो नीट सांभाळत होता. शेवटी तिचा चेहरा समोर आला.

"बोटी बंद असताना चाळीस पाव कोण मागवतं रे?" ती हळूच म्हणाली. "बाबा दोन दिवस तेच खातायत."

"आणि काय म्हणाले?"

"म्हणाले, नदीवरच्या माणसाशी लग्न म्हणजे अर्धं लग्न."

"आणि तू?"

"अर्धं तर अर्धं." तिनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "पण हिवाळे सगळे माझे."

तसंच झालं. हिवाळे तिचे होते. मार्चमध्ये तो जायचा, नोव्हेंबरात दिवस लहान झाले की परतायचा. मधल्या महिन्यांत भिंत आणि पंधरा मिनिटं. तो कप्तान झाला, वडिलांमागे बेकरी तिच्याकडे आली, आणि मोसमात दोघांनाही हलता येईना. घरापासून दोन तासांवरचा कोखेमचा किल्ला तिनं शाळेत असताना एकदा पाहिला होता, तेवढाच. बाकी सगळं ती त्याच्याकडून हिवाळ्यात ऐकायची. कुठल्या गावात कोणतं दुकान गेलं, ट्रिअरच्या काळ्या वेशीजवळ कोण बाजा वाजवत बसतं.

याच आठवड्यात बोट वर जाताना ती भिंतीवरून म्हणाली होती की सप्टेंबरात गेर्लिंडे दुकान बघेल. तिला सहा दिवस बोटीवर यायचं होतं. प्रवासी म्हणून, खुर्चीत बसून.

"तूही माझ्या शेजारी बसायचं," ती म्हणाली. "चाक दुसऱ्याला दे."

आल्विन हसला. तेच किल्ले, तीच गावं, मी रोज बघतोच की, म्हणाला.

"तू बघतोस. मी नुसती ऐकते." जरा थांबून तिनं विचारलं, "एवढं नेशील ना?"

तेवढ्यात दार उघडलं. मागे मालाची बोट खोळंबली होती. बघतो, परतताना सांगतो, असं म्हणून त्यानं बोट पुढं काढली.

संध्याकाळी बोट आल्फेनबाखला आली. लॉकवरचा हेरिबर्ट एरवी वायरलेसवर उशिराबद्दल कुरकुरायचा. आज तो एवढंच म्हणाला, "ये आल्विन. दार उघडंच ठेवलंय."

भिंतीवर कोणी नव्हतं. डेटलेफनं दोर सैल सोडला. बोट सरळ खाली उतरली.

काल बोट कंपनीच्या ट्रिअरमधल्या कचेरीत जाऊन आल्विननं सप्टेंबरातल्या सहा दिवसांची रजा घेतली होती, बोटीवरची डाव्या अंगाची, मोठ्या खिडकीची खोलीही दोघांसाठी राखून ठेवली होती. हे रोसविटाला सांगायचं राहिलं.