रोटर कुणाकडं?

ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले आणि राजेश्रीच्या डोक्यावरचं कापसाचं गाठोडं धपकन खाली आलं.

रविवार होता. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. आणि त्या ट्रकखाली शिरायचं वेड अख्ख्या पिंगळीत एकाच माणसाला होतं, ते म्हणजे तिच्या वडिलांना. दत्तरावांचं वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. आत चक्कर येऊन पडले की काय, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिनं दोन्ही घोटे धरले आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढले.

बाहेर आला तो एक अनोळखी तरुण. केसांत कोळ्याचं जाळं, गालावर गंजाचा पट्टा, आणि तोंडावर राग म्हणून नाही.

"जरा सबुरीनं," तो म्हणाला. "पाय लागत्यात मला अजून."

"कोण तुमी? आन् आमच्या गाडीखाली काय करायलाव?"

"बघायलोय." तो उठून बसला. "नांदेडला सामान आणायला जातो मी. रेल्वेच्या खिडकीतून दोन वर्षं झाली, ही गाडी बघायलोय. आज न्हाई ऱ्हावलं... उतरलो."

"दोन वर्षांनी उतरलाव? लयच घाई केली म्हणायची."

तो हसला. हसताना गालावरचा गंजाचा पट्टा वाकडा झाला, आणि राजेश्रीला उगाचच वाटलं की आपण केस नीट बांधायला हवे होते. मग स्वतःचाच राग आला, म्हणून तिनं खाली बसून सांडलेला कापूस गोळा करायला घेतला. तोही न सांगता गोळा करू लागला. त्याच्या ग्रीसच्या हातांनी तीन-चार बोंडांची वाट लावली, ते तिनं मुद्दाम बोलून दाखवलं.

त्याचं नाव आदिनाथ. सेलूचा. हंगामात तिथल्या कापसाच्या जिनिंग मिलची यंत्रं दुरुस्त करायची, एरवी मिळेल ते जुनं इंजिन उघडून बसायचं.

ट्रक होता फौजेतला. एक टनी, पेट्रोलवरचा, पुढून हँडल मारायची सोय असलेला. दत्तराव फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यावर लिलावात निघालेला हा ट्रक त्यांनी हट्टानं घरी आणला आणि वर्षानुवर्षं त्यातून कापूस वाहिला. नऊ वर्षांपूर्वी राजेश्रीची आई, नर्मदाबाई, गेली. ती जायच्या आदल्या संध्याकाळी दत्तरावांनी ट्रक घराला लागूनच्या, रुळाकाठच्या शेतात चिंचेखाली उभा केला, तो केलाच. पण रोज सकाळी चहाच्या आधी ते त्याची फर्स्ट परेड करायचे. तेल बघायचं, पाणी बघायचं, टायरांवर काठी मारायची. न चालणाऱ्या गाडीची रोज तपासणी. गाव हसायचं. राजेश्री हसत नव्हती.

आदिनाथनं गाडी चालू करून देतो म्हटल्यावर दत्तराव बराच वेळ त्याच्या हातांकडं बघत राहिले.

"हात लावायचा तर फौजेच्या रीतीनं," ते म्हणाले. "सकाळी आलास की फर्स्ट परेड. जाताना लास्ट परेड. आन् जे काढशील, ते काढणाऱ्यानंच बसवायचं. दुसऱ्यानं न्हाई."

"मंजूर, मेजर."

"मेजर न्हाई, हवालदार."

"गावात तर समदे मेजरच म्हणत्यात."

"गावाला काय कळतंय?" दत्तराव म्हणाले खरं, पण मिशीवरून हात फिरला.

मग दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आदिनाथ यायचा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं जायचा. राजेश्री आठवडाभर परभणीच्या कृषी विद्यापीठात माती तपासण्याच्या कामावर. रविवार तेवढा तिचा. तो रविवार कधी ट्रकचा झाला, तिला कळलंही नाही. तो नट काढून द्यायचा, ती रॉकेलच्या पातेल्यात धुऊन, पुसून, चिठ्ठी लावून ठेवायची. कुठला नट कुठला, हे त्याच्यापेक्षा तिला जास्त पाठ झालं.

"तुमी मातीत काय बघताव?" एकदा त्यानं विचारलं.

"काय कमी हाय ते."

"आन् माणसात?"

"माणसं नमुना आणून देत न्हाईत," ती म्हणाली. "नुसतीच येत्यात. रविवारी."

पुढचं तासभर दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही. फक्त पाना मागताना त्याचा आवाज जरा जास्तच हळू झाला होता, आणि तिनं दोनदा चुकीचा पाना दिला.

डिसेंबर सरला. कार्बोरेटर झाला, पेट्रोलची टाकी झाली, वायरी नव्या आल्या. पण हँडल मारून मारून आदिनाथचे खांदे आले तरी गाडी काही ठसकेना. शेवटी त्यानं डेल्को उघडला. प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारी ही डबी. आत बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मेजर, रोटरच न्हाई की हो आत."

दत्तरावांनी मान खाली घातली. फौजेत गाडी उभी केली की रोटर काढून खिशात ठेवायचा, ही रीत. सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान तुकडा. पण तो नसला की चोरानं रात्रभर हँडल मारलं तरी गाडी हलत नाही. घरी आल्यावरही दत्तरावांनी ही रीत सोडली नव्हती. फक्त नऊ वर्षांपूर्वीचा तो शेवटचा रोटर कुठं गेला, हे काही केल्या त्यांना उमगेना. मान्य करायची लाज, म्हणून दोन महिने गप्प बसले होते.

"नांदेडात मिळायचा न्हाई हा," आदिनाथ म्हणाला. "असा असतो, तपकिरी, गोल, वर पितळेची पट्टी..."

राजेश्री उठून उभी राहिली. घरात गेली. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी एक गोल वस्तू होती, हळदी-कुंकवाची पुटं चढलेली. आईनं ठेवलेली. आई गेल्यापासून राजेश्री दर खंडेनवमीला तिची पूजा करत आली होती. काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आईनं देवात ठेवलंय म्हणजे देवच असणार.

ती वस्तू तिनं आदिनाथच्या तळहातावर ठेवली. त्यानं बोटानं हळद खरवडली. खाली पितळ चमकलं.

"नऊ वर्षं पुजलाव तुमी रोटर?" त्याला हसू आवरेना. मग त्यानं दत्तरावांकडं बघितलं आणि हसायचा थांबला.

"सांजच्याला गाडी लावली की रोटर काढून हिच्या आईच्या हातात द्यायचो," दत्तराव म्हणाले. "रोटर तिच्याकडं, म्हंजे मी घरी. तिला बिनघोर झोप लागायची."

त्या दुपारी ट्रक चालू झाला. आधी ठसकला, मग खाकरला, आणि मग सबंध चिंच थरथरावी असा गुरगुरू लागला. दत्तराव सीटवर ताठ बसले होते, डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हते. संध्याकाळी लास्ट परेड झाली. आदिनाथनं रोटर काढला, स्वच्छ फडक्यात बांधला... आणि क्षणभर थांबून राजेश्रीपुढं धरला.

"रोटर कुणाकडं?" ओट्यावरून दत्तरावांनी फौजी आवाजात विचारलं. फौजेत विचारायचे तसं.

"राजेश्रीकडं," आदिनाथ म्हणाला.

तिनं घेतला. फडक्याला अजून इंजिनाची ऊब होती. त्या रात्री उशाखाली रोटर ठेवून झोपणारी पिंगळीतली ती एकटीच मुलगी असावी.

पुढचे दोन रविवार ब्रेक, ताडपत्री आणि रंग यांत गेले. सकाळी रोटर तिच्या हातातून त्याच्या हातात, संध्याकाळी त्याच्या हातातून तिच्या. तेवढंच. पण दिवसभराचं सगळं बोलणं त्या दोन वेळांपुढं फिकं पडायचं. काढणाऱ्यानंच बसवायचं, या स्वतःच्याच नियमापायी दत्तराव आठवडाभर बंद गाडीत बसून नुसतं स्टिअरिंग फिरवायचे, आणि तक्रार करायचे नाहीत.

दुसऱ्या रविवारी ब्रश धुता धुता आदिनाथ म्हणाला, "मला नोकरी लागली. पुण्याकडं, गाड्यांच्या कारखान्यात. वर्षाखाली अर्ज केला होता... अठ्ठावीसला हजर व्हायचंय."

राजेश्रीच्या हातातला डबा कलंडला. हिरवा रंग मातीत मुरत गेला.

"चांगलंय की," ती म्हणाली.

"चांगलंय?"

"जिनिंग चार म्हैने. बाकी आठ म्हैने काय करताव तुमी इथं? जायाच पायजे."

तिला हे म्हणायचं नव्हतं. वडिलांना, अण्णांना, सोडून ती कुठं जाऊ शकत नव्हती, आणि त्यानं इथं थांबावं असं म्हणायचा तिला हक्क नव्हता. मग उरतं काय? चांगलंय की. तेवढंच उरतं.

सव्वीस जानेवारीला दत्तरावांनी इस्त्रीचा कोट चढवला, छातीला पदकं लावली आणि ट्रक स्वतः चालवत शाळेच्या झेंडावंदनाला नेला. शेजारी आदिनाथ, मागं फळीवर राजेश्री. मागून तिला त्याची मान दिसत होती, तीवर हिरव्या रंगाचा एक ठिपका. आत्ता पुसून देईन, मग पुसून देईन म्हणता म्हणता गाडी घरी आली.

संध्याकाळी त्यानं लास्ट परेड केली. नेहमीपेक्षा सावकाश. तेल दोनदा बघितलं. मग रोटर काढला, फडक्यात बांधला, तिच्यापुढं धरला. पॅसेंजरला वीस मिनिटं होती.

राजेश्रीनं हात मागं घेतले.

"घ्या की."

"न्हाई."

"मग कुणाकडं देऊ?"

"तुमच्याकडंच ठेवा." तिनं त्याची बोटं रोटरवर मिटवली. पहिल्यांदाच असं हाताला हात लागला होता, आणि ती सोडत नव्हती. "काढणाऱ्यानंच बसवायचं. अण्णांचा नियम हाय."

"राजेश्री... मग गाडी चालू कशी व्हायची?"

"न्हाई व्हायची."

तो तिच्याकडं बघत राहिला. "तुमी नुसतं थांब म्हणा. मी न्हाई जात."

"थांब म्हटलं आन् थांबलाव, तर उद्या काम न्हाई म्हणून घरात बसाल तवा मलाच बोल लावशाल. जा. बघून या. तिथं जीव रमला तर रोटर पोस्टानं पाठवा, मी समजून घेईन." तिनं त्याची मूठ आणखी घट्ट दाबली. "न्हाई रमला तर... स्वतः आणा. मला तुमीच पायजेत, पण ओढून आणलेले न्हाई. एकदा ओढलं तेवढं बास झालं."

"किती दिस वाट बघशाल?"

"गाडी नऊ वर्षं उभी होती. आमच्या घरात सवय हाय."

ओट्यावर दत्तराव बसले होते. सगळं ऐकू येण्याइतके जवळ. त्या दिवशी त्यांनी 'रोटर कुणाकडं' विचारलं नाही.

फेब्रुवारी गेला. दत्तराव रोज फर्स्ट परेड करत होते, तेल, पाणी, टायर. राजेश्री रोज परभणीहून आली की आधी विचारायची, "टपाल आलं का काही?" नाही म्हटलं की तिला आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची. फोन यायचे. मेसचं जेवण, उन्हाळा, खोलीतले सहाजण, असलं बोलणं. रोटरबद्दल तो बोलत नव्हता, तीही विचारत नव्हती.

पाडव्याला आठ दिवस होते. रविवार. चिंचा झोडपून झाल्या होत्या. टोपलं कमरेवर घेऊन ती शेताच्या तोंडाशी आली, आणि थांबली.

ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते.

तिनं टोपलं खाली ठेवलं. या वेळी सावकाश. चालत गेली आणि त्या पायांशेजारी मातीत बसली.

"कधी आलाव?"

"सकाळच्या पॅसेंजरनं." आवाज खालून आला. "तिथं दिवसभर एकच नट आवळायचा. गाडी पुढं जायची, परत कधी दिसायची न्हाई. कुणाची गाडी, कुठं चालली, काय कळायचं न्हाई." पाना दोनदा फिरला. "परभणीत वसमत रोडला एक शेड बघून आलो. जुन्या गाड्यांचं काम करीन म्हणतो. लय न्हाई चालायचं, पण बाराही म्हैने चालंल... पोस्टानं पाठवायला जमलं न्हाई मला."

  राजेश्रीनं त्याच्या घोट्यावर हात ठेवला, आणि खालचा पाना थांबला.

संध्याकाळी दत्तराव गाडी घेऊन स्टेशनापर्यंत एक फेरी मारून आले. चिंचेखाली ट्रक लागला. आदिनाथनं बॉनेट उघडलं, डेल्कोच्या टोपणाला हात घातला.

"राहू दे," दत्तराव खाली उतरत म्हणाले.

"रोटर काढायचाय, अण्णा." मेजर म्हणायचं तो विसरला होता.

"चोराच्या भेवानं काढत्यात रोटर." दत्तरावांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "नेणारा होता एक, तो घरचाच झाला. राहू दे आज आतच."

आणि काठी टेकत ते चहाला घरात गेले.