सासूबाईंचा डोळा

गुलाब निवडताना माणसं फुलाकडं बघतात आणि तिथंच फसतात. मी पान बघतो. पान जाड हवं, चकचकीत हवं, त्यावर काळे ठिपके नकोत. खोड निदान पेन्सिलीएवढं हवं. आणि नर्सरीवाला "बारमाही फुलतंय साहेब" म्हणाला, की त्या झाडाला हात लावू नये. मी फौजेत सगळी नोकरी जनरेटर आणि वायरलेस सेट दुरुस्त करण्यात घालवली. बिघाडाला कारण असतंच, सापडत नसेल तर शोधणाऱ्यानं चष्मा बदलावा, असं माझं मत होतं. अजूनही आहे. तरीही जे झालं ते सांगतो.

आमचं घर साताऱ्यात, गोडोलीला. मागं अजिंक्यतारा, पुढं पूर्वेला तोंड करून लहानसं अंगण. गुलाबाला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. पण मी पानं बघून आणलेले लाल, पिवळे, दुरंगी गुलाब एकामागून एक शेंड्याकडून काळे पडून वाळले. जे फुलले त्यांना माझी बायको संयोगिता प्लॅस्टिकची फुलं म्हणायची.

"ज्याला वास न्हाई त्येला गुलाब कशाला म्हणायचं?"

तिला हवा होता तिच्या आईच्या दारातला, पलूसचा गुलाब. गावठी, फिका गुलाबी. त्याचं एक फूल देवघरात ठेवलं की स्वयंपाकघरातली फोडणी मागं पडायची.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, अंबूबाई. लहानपणी ज्वारीचं धाट लागून त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, बुबुळावर पांढरा ठिपका. पण उजवा डोळा दोघांचं काम करून वर ओव्हरटाइम करायचा. आता मी जन्मलो उसाच्या मुलखात, त्यामुळं रक्तात साखर निघाली याचं मला नवल वाटलं नाही. पण साताऱ्यात राहून कंदी पेढा सोडायचा म्हणजे जुलूमच. पलूसला गेलो की गल्लीच्या तोंडाशी खिशातला पेढा तोंडात टाकायचा, रुमालानं तोंड पुसायचं आणि साळसूदपणे घरात शिरायचं, हा माझा रिवाज. चपला काढायच्या आत ओसरीवरून आवाज यायचा, "जावईबापू, मिशीला काय लागलंय?"

गेल्या थंडीत त्या गेल्या. संयोगिता फार रडली नाही, गप्प झाली. माझ्याशी भांडेनाशी झाली. टॉवेल पलंगावर टाकला तरी नुसती उचलून वाळत घालायची. भांडणाशिवाय घर इतकं मोठं वाटतं हे मला माहीत नव्हतं. मला भीती वाटायला लागली. तिला माणसात आणायचं तर तो गुलाब आणायलाच हवा होता.

नुसत्या फांद्या कुंडीत खोचून पाहिल्या, त्या कुजल्या. मग कलमं करणाऱ्या रसूलभाईंना बोलावलं. रसूलभाई डोळे भरण्यात पटाईत, बडबडीत त्याहून पटाईत. जंगली गुलाबाच्या खुंटाला चाकूनं चीर द्यायची, आपल्याला हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, त्या सालीखाली सरकवायचा आणि वर पट्टी गुंडाळायची. याला डोळा भरणं म्हणतात. मी पलूसहून ओल्या फडक्यात काडी आणली होती. रसूलभाईंनीही आपली एक, कसल्याशा विलायती लाल गुलाबाची, आणली होती. दोन्ही काड्या हातात धरून त्यांनी विचारलं, "बोला सुभेदार, कुणाचा डोळा भरू?"

माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, "सासूबाईंचाच भरा. फक्त उजवा भरा, डाव्यात फूल पडलंय."

रसूलभाई खोकला येईपर्यंत हसले. संयोगिता दारात उभी होती. "असलं बोलू नये," एवढंच म्हणाली आणि आत गेली. पण बोलली! मी मनातून खूश झालो.

"पट्टी डोळ्यावर येऊ द्यायची न्हाई," जाताना रसूलभाई म्हणाले. "डोळा उगडा पायजे, त्येला दिसलं पायजे. आन पयलं फूल तोडू नगा. आपसूक पडू द्या. पडलं का सांगा, मी छाटायला येतो."

डोळा फुटला. तांबूस कोंब आला, त्याची फांदी झाली. अंगणाला ऊन पूर्वेकडून मिळतं, तेव्हा फांदी पूर्वेला झुकायला हवी. ही पश्चिमेला, आमच्या दाराकडं झुकली. मी कुंडी अर्धी फिरवली. काही दिवसांत फांदी वळसा घेऊन पुन्हा दाराकडं. हॉलमधल्या ट्यूबलाइटमुळं असेल म्हणून मी ट्यूब काढली आणि आम्ही अंधारात जेवलो. फांदी ढिम्म हलली नाही. वरचा शेंडा बरोबर उंबरठ्यावर रोखलेला.

संयोगिता मात्र खुलली. सकाळी पाणी घालताना झाडाशी बोलायची, मग माझ्याशी. एकदा ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. त्या खोलीला अंगणाकडं खिडकी नाही. तिथूनच ती ओरडली, "अगं क्रांती, जास्वंद आमची हाय! इचारून तोडावं!" मी बाहेर गेलो तर शेजारची क्रांती कुंपणापाशी मूठभर फुलं घेऊन ओशाळून उभी.

"तुला कसं कळलं?"

"दिसली की," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी याची कारणं काढली. क्रांतीच्या पैंजणांचा आवाज आला असेल, सवय असेल. पण दोन दिवसांनी मी स्कूटरच्या डिकीत दडवलेला पेढा उभ्या उभ्या संपवला, टाकीच्या पाण्यानं चूळ भरली, मिशी पुसली आणि घरात आलो. बायको डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिशीला काय लागलंय?"

अंगावर सरसरून काटा आला. रागही आला. फौजेतून सन्मानानं निवृत्त झालेल्या माणसावर स्वतःच्या अंगणात पाळत! मी कुंडी उचलून मागं टाकीआड ठेवली. संध्याकाळपर्यंत फांदीनं मान टाकली आणि संयोगिता न जेवता भिंतीकडं तोंड करून पडली. मुकाट कुंडी पुन्हा पुढं आणली.

मग कळी धरली. टपोरी, घट्ट मिटलेली, दाराकडं तोंड केलेली. मी ठरवलं, की शंका आहे तर चाचणी घ्यावी. दुपारी माझी फौजेतली जुनी कानटोपी आणली आणि कळीवर चढवली. स्कूटरवर बैठक मारली. डिकी उघडली. एक पेढा खाल्ला. कुणी काही म्हटलं नाही. दुसरा खाल्ला, सावकाश, चवीनं. बऱ्याच महिन्यांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. मग टोपी काढली.

टोपी आतून ओली होती. झाडाला मी पाणी घातलेलं नव्हतं.

आत भांडं पडल्याचा आवाज आला.

संयोगिता ओट्याला धरून उभी होती. मनगट भाजलं होतं, दूध सांडलं होतं.

"काय झालं?"

"आवं, एकदम अंधार झाला. कायबी दिसंना. तुमाला लय हाका मारल्या." मला एकही ऐकू आली नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "आत्ता दिसतंय. मघा कुनीतरी तोंडावर घोंगडं टाकल्यागत झालं हुतं."

टोपी माझ्या हातातच होती. मी ती पाठीमागं लपवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, थेंब टाकून तपासलं. डोळे उत्तम. चष्म्याचा नंबरसुद्धा वाढलेला नव्हता. परतताना रिक्षात मी म्हणालो, "मी पेढे खातो. डिकीत ठेवतो."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि माझा हात धरून बसली.

त्यानंतर मी पेढा खाल्ला नाही. साखर उतरली, डॉक्टरांनी माझ्या निर्धाराचं कौतुक केलं. मी कुंडीला जाळी मारली, शेळ्या येऊ नयेत म्हणून फाटकाला फळी ठोकली, मावा कीड पडू नये म्हणून रोज भिंग घेऊन पानं तपासली. कुठल्याही सीमेवर मी इतकी चोख राखण केली नव्हती.

फूल उमललं. पलूसचंच, फिकं गुलाबी. वास घरभर. संयोगिता त्याच्यापुढं बसून हसली, मग पोटभर रडली, मग टॉवेलवरून माझ्याशी कडाकडा भांडली. मी इतका सुखी झालो, की तोंड फिरवून डोळे पुसले.

पण फूल ते फूल. कडेच्या पाकळ्या सैल पडल्या. मी त्यांना पांढरा दोरा बांधला.

"आवं, फुलाला मुंडावळ्या कशाला?" ती म्हणाली.

"वारा आहे," मी म्हणालो.

आज सकाळी उठून आधी अंगणात गेलो. दोरा कुंडीत पडला होता, गाठ तशीच होती. पाकळ्यांचा खाली ढीग झाला होता.

मी धावत आत आलो.

संयोगिता आरशासमोर उभी होती. पदराचा बोळा तोंडाच्या वाफेनं गरम करून डाव्या डोळ्याला लावत होती.

"बघा बरं," ती म्हणाली, "कायतरी गेलंय."

मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. बुबुळावर ठिपका होता. पांढरा म्हणावा, तर कडेला किंचित गुलाबी.

खिशात फोन वाजला.

"सुभेदार, रसूल बोलतोय. फूल पडलं का?"