चौदा अंश

नमुन्यांची पेटी आणणाऱ्या ड्रायव्हरलाच ताप भरला, म्हणून त्या सकाळी तिला स्वतः गटाराच्या झाकणापर्यंत जावं लागलं. सात महिने वस्तीच्या सांडपाण्यात साथीचे जंतू शोधून शोधून ती पार शिणली होती. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘बाटलीबाई’ म्हणत, आणि आता तिला त्याचा रागही येत नसे.

झाकणापाशी गमबूट घातलेला नमुनेवाला उभा होता. फॉर्मवरचं अक्षर रोजच्या ओळखीचं, माणूस मात्र आजच दिसत होता. डोळे जागरणाचे, पण हसू... अगदी ताजं!

तिने फॉर्म पाहिला. पेटीचं तापमान – चौदा.

“अहो, हे काय? चार अंशांच्या वर गेला की सगळा नमुना बाद!”

“बर्फ कमी भरला. माझीच चूक. आता परत आठ तास, दर तासाला एक बाटली.”

“बाकीचे डोळे मिटून चार लिहितात. तुम्हीही लिहिलं असतंत, तर मला कळलंसुद्धा नसतं.”

“नसतं कळलं. पण उबेत मेल्याने जंतू कमी दिसले असते, आणि वस्तीत लस उशिरा आली असती. पोरांनी का भोगायचं?”

असल्या माणसावर चिडायचं तरी कसं, बाई! तिने ऑफिसला फोन केला आणि तिथल्याच पायरीवर बसकण मारली.

“मॅडम, पहिल्याच भेटीत गटाराकाठी आठ तास... जरा जास्तच होतंय.”

“मला वास येत नाही. नाक केव्हाच मेलंय.”

“अरेरे! आणि मी नेमका आज अत्तर लावून आलोय.”

ती खुदकन हसली. मग भिंतीला टेकली, आणि केव्हा डोळा लागला तिलाच कळलं नाही. जाग आली तेव्हा डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

“अगंबाई – बाटली?”

“भरली की. तुमचं डोकं पिशवीवर ठेवून उठलो होतो.”

“मग परत खांद्यावर कुणी ठेवलं?”

“ते... तुमचं तुम्हीच.”

ती कानापर्यंत लाल झाली.

चार वाजता त्याने शेवटची बाटली बर्फात खोचली. “सोमवारी इथे नमुने घेणारं यंत्र बसणार. माझं काम संपलं.”

म्हणजे हे अक्षरही नाही, आणि हा माणूसही नाही! सगळं सोसून झालं होतं तिचं, पण हे सोसायचं बळ उरलं नव्हतं.

“आढेवेढे घ्यायला माझ्यात त्राण नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मला आवडलात. सोमवारी घरी या. आई पहिलं हेच विचारेल – काय करता?”

तो बघतच राहिला. “काय सांगू? बेकार आहे म्हणून?”

“तेच सांगा. पुढचं मी सांगते.”

“पुढचं... काय?”

“की सात महिने मला धड झोप नव्हती. आज लागली.”

पेटीचं झाकण नीट लावून तो हळूच म्हणाला, “कितीला येऊ?”