तीन टापांचा घोडा

एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ, असं करत महिने काढले. त्या महिन्यांत जे घडलं ते सांगतो.

हे खरं आहे. मला गोष्टी रचता येत नाहीत. रचता आल्या असत्या, तर जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाईप करत बसलो नसतो. आता मी अबू धाबीत, रीम आयलंडवर मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. नातीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दादू, नोबडी विल बिलीव्ह धिस."

नसेल बसत विश्वास. पण दुपारी खालचा रस्ता रिकामा झाला की मी उठून खिडकी लावून घेतो, हे तिलाही ठाऊक आहे.

होय, दुपारी. भुतं रात्री येतात म्हणतात.

हे भर उन्हात आलं.

साल एकोणीसशे चौसष्ट. उन्हाळा. जागा, शारजा.

मी युसुफ, दापोलीकडचा. एका इंग्रज साहेबाच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. समुद्राजवळच्या एका जुन्या घरात खोली होती. माझ्याबरोबर लियाकत राहायचा. श्रीवर्धनचा, साहेबाच्या लँडरोव्हरचा ड्रायव्हर. खोलीला पंखा नव्हता. वर बारजील होतं, म्हणजे वारा पकडून खाली सोडणारा चौकोनी मनोरा. त्याच्या खाली चटई टाकून आम्ही दुपारी पडायचो.

पत्र मैमुनाबीचं होतं. आमच्या आळीतली. आई गेल्यावर तिनेच मला भरवलं, वाढवलं. मी तिला खाला म्हणायचो. मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं.

"चिरंजीव युसुफ यास खालाची दुवा. माझे आजोबा हमदुल्ला रिसाल्यात सवार होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इराणच्या लढाईला घोड्यासकट जहाजावर चढले, ते आले नाहीत. सरकारने कळवलं, पळून गेला. तेव्हापासून आमच्या घराला फराऱ्याचं घर म्हणतात. मी ते पोटात घालून जगले. पण आता माझ्या नातीचं, हाफिजाचं ठरलेलं लग्न त्याच शब्दावरून मोडलं. तू कागदांतला माणूस. काय झालं ते शोध. मी डोळे मिटायच्या आधी कळव."

मी शोधणार होतो. खरंच.

आणि शोधावं लागलंच नाही. कागद माझ्याच टेबलावर आला.

साहेबाला एक नाद होता. त्याचा पणजोबा इंग्रज रिसाल्यातला साधा शिपाई. ना पदक, ना पराक्रम. पण साहेबाने लंडनहून, मुंबईहून नकला मागवून त्याचा सगळा जन्म गोळा केला होता. उंची किती, डोळे कसले, दारू पिऊन कोठडीत कधी गेला, टायफॉईड कुठे झाला. मी ते नीट टाईप करायचो. मला आवडायचं ते काम. साध्या माणसाची इतकी विचारपूस कोण करतं?

एक दिवस जहाजाची यादी आली. इराणहून परतताना आजारी घोडे शारजाच्या किनाऱ्यावर उतरवले होते. सोबत दोन माणसं. एक साहेबाचा पणजोबा.

दुसरा, सवार हमदुल्ला. गाव आमचंच.

पणजोबापुढे लिहिलं होतं, "होडी पाठवून परत घेतला."

हमदुल्लापुढे एकच शब्द. डेझर्टेड. खाली त्याच्या घोड्याचा नंबर, आणि "घोड्यासह फरारी."

एक होडी. दोन माणसं. एकालाच घेतलं, आणि दुसरा पळाला?

मी साहेबाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी तसा माणूसच नाही. मी तो शब्द टाईप केला. कार्बन लावून. स्वच्छ.

खालाचं पत्र एका पुस्तकात घालून ठेवलं. हा शब्द मी तिला कसा लिहिणार होतो?

त्याच दुपारी…

बारजीलमधला वारा थांबला. एकदम. कोणी वर झाकण ठेवल्यासारखा.

आणि वरून आवाज आला.

टाप… टाप… टाप…

मग काही नाही.

पुन्हा. टाप… टाप… टाप…

चौथी टाप येतच नव्हती. कान तिची वाट बघायचा. छातीसुद्धा.

आमच्या वस्तीत गाढवं होती, उंट होते, बकऱ्या होत्या. घोडा एकही नव्हता. मी लियाकतला हलवलं.

"ऐकलंस?"

"पाणीवाल्याचं गाढव असेल."

"गाढवाला चार पाय असतात, लियाकतभाई."

"मग लंगडं गाढव. खलास. झोप की राजा, साडेतीनला साहेब बोंबलेल."

मी झोपलो नाही.

उठून पाहिलं. अंगणातलं पाण्याचं पिंप सकाळीच भरलं होतं. ते कोरडं होतं. आजूबाजूच्या वाळूत खूर उमटले होते. तीन खूर. आणि चौथ्याच्या जागी…

नुसता खळगा. कोणी जाड खुंट दाबल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लियाकतने त्या खुणा पाहिल्या. त्याने विनोद केला नाही. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

मग रोजचंच झालं. वारा थांबायचा, टापा यायच्या. आधी छपरावरून, मग अंगणातून, मग दारापाशी. घोड्याच्या घामाचा वास खोलीत भरायचा. आणि तो जो कोणी होता, तो रागात होता. शपथेवर सांगतो, रागाला आवाज असतो. दारावर लाथ बसायची. सागवानी दार, त्याला तडा गेला.

एकदा ऑफिसातून आलो, तर पुस्तक उघडं पडलेलं. खालाचं पत्र जमिनीवर. वर वाळू सांडलेली. तेव्हा उमगलं, हा हमदुल्लाच.

मीही चिडलो. भित्रा माणूससुद्धा चिडतो. बंद दाराकडे बघून ओरडलो, "माझ्यावर कसला राग काढतोस? तू पळालास! मी नाही!"

बाहेर सगळं गप्प झालं.

मग दार असं हादरलं की बिजागरी निखळून पडली.

लियाकत भिंतीला चिकटून कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होता. मधेच थांबून म्हणाला, "युसुफमियां, कुणाला शिव्या घालतोयस ते तरी सांग." मग मी त्याला सगळं सांगितलं.

त्याच आठवड्यात गावचा रफिक मुंबईच्या आगबोटीने आला. हातात खालाने दिलेली आंबोशी, तोंडात टोमणा.

"खाला विचारते, युसुफचा हात मोडलाय की काय? अंथरूण धरलंय तिने. पण पोस्टमन आळीत शिरला की उठून बसते."

मी मान खाली घातली. रफिक थांबणाऱ्यातला नव्हता.

"हाफिजा तर बोलतच नाही कुणाशी. पाण्याला गेली की पोरं मागून ओरडतात, फराऱ्याची, पळ!"

त्या रात्री मी जेवलो नाही.

सकाळी साहेब खुशीत होता. पणजोबाचा नवा कागद आला होता. चहा ढवळत तो मला समजावत होता.

"युसुफ, बघ ही गंमत. रिसाल्यात घोड्याच्या खुरावर नंबर डागायचे. घोडा मेला की स्वाराने तो खूर कापून आणून दाखवायचा. खूर नाही, तर पुरावा नाही. मग म्हणायचे, यानेच घोडा विकला. माझ्या पणजोबाने शारजाहून आपल्या घोड्याचा खूर नेला आणि सुटला!"

मी हातातली बशी टेबलावर ठेवली.

तीन टापा. आणि एक खुंट.

"साहेब," मी म्हणालो, "घोडा विकून पळणारा माणूस त्याचा खूर कापील?"

"अर्थातच नाही. का?"

मी जाऊन लियाकतला शोधलं. म्हटलं, फावडं घे.

दुपारी अंगणात उभे राहिलो. पायाखालची वाळू चटके देत होती. वारा थांबला.

टाप… टाप… टाप…

या वेळी आवाज दाराकडे आला नाही. तो आमच्यापुढे चालू लागला. घोडा दिसत नव्हता. खुणा मात्र आमच्या डोळ्यांदेखत उमटत होत्या. तीन खूर, एक खळगा. तीन खूर, एक खळगा. खजुरीच्या झावळ्यांच्या शेवटच्या झोपड्या मागे पडल्या. पुढे खारट, पांढरी जमीन. समोर समुद्र.

तिथे खुणा संपल्या.

लियाकतने बिस्मिल्ला म्हणून फावडं मारलं. फार खणावं लागलं नाही.

आधी कुजलेलं चामडं. मग बोटं. माणसाच्या हाताची हाडं, मिटलेली.

मुठीत खूर होता.

मी शर्टाने पुसला. डागलेला नंबर फिकट होता, पण वाचता येत होता. मी तो टाईप केलेला होता. यादीतला तोच.

तो पळाला नव्हता. घोडा मेला, तसा त्याने कायद्याप्रमाणे खूर कापला. आणि समुद्राकडे तोंड करून होडीची वाट बघत बसला. त्याच्यासाठी होडी परत आलीच नाही. कुठल्या तरी कारकुनाला यादी पूर्ण करायची होती. त्याने एक शब्द लिहिला आणि जेवायला गेला असेल.

शंभर वर्षांनी दुसऱ्या कारकुनाने तोच शब्द टाईप केला. तो मी.

आम्ही हाडांवर वाळू लोटली. खूर ठेवून घेतला. आमच्यात दफन झाल्यावर कबरीपाशी बसून मेलेल्याला त्याच्या आईच्या नावाने हाक मारतात. लियाकत गुडघ्यांवर बसला.

"आईचं नाव काय होतं रे याच्या?"

त्या सगळ्या कागदांत हमदुल्लाचा घोडा होता, खोगीर होतं, बाप होता. आई नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग हव्वाचा बेटा म्हणू या. ती सगळ्यांचीच पहिली आई. तसं चालतं."

त्याने हाक मारली. "हव्वाच्या बेट्या हमदुल्ला…"

समुद्राकडून गार वारा आला. त्या उन्हात.

मी तसाच, वाळूने भरलेला, साहेबापुढे जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. टापांचं सोडून. म्हटलं, "हे लंडनला लिहा. तो शब्द चुकीचा आहे."

साहेबाने खूर हातात घेतला, उजेडात फिरवला. "ब्युटिफुल! याला चांदीची पट्टी बसवली की झकास पेपरवेट होईल. पणजोबाच्या कागदांवरच ठेवीन."

"आणि तो शब्द?"

"युसुफ, शंभर वर्षं झाली. आता कुणाला काय फरक पडतो?"

त्या ऑफिसात मी कधी कोणाच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं. खूर ओढून घेतला.

"माझ्या खालाला पडतो," मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता. "तुमच्या पणजोबाचा खूर पोचला, साहेब. हा पोचायचा राहिलाय."

"हबीबी, शांत हो," साहेब हसत म्हणाला.

मी त्याची खुर्ची मागे लोटून बाहेर पडलो. नोकरी गेली ती तेव्हाच. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर बहुतेक माफी मागितली असती.

खोलीवर बसून उत्तर लिहिलं. चार ओळी.

"खाला, हमदुल्ला पळाला नाही. त्याला सोडून गेले. हा त्याच्या घोड्याचा खूर, हा त्याचा पुरावा. आळीत प्रत्येकाला दाखव. आणि ज्यांनी हाफिजाचं लग्न मोडलं, त्यांच्या ओट्यावर आधी नेऊन आपट."

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खाली कापूस, वर खूर, त्यावर पत्र. लियाकतने डबा कापडात शिवून दिला.

पोस्टात मल्याळी बाबू होता. "अंदर क्या है?"

"घोड़े का खुर."

तो हसला. "आदमी लोग इधर से घड़ी भेजता है, रेडिओ भेजता है. तुम खुर भेजता है?"

"हां. जल्दी भेजो. सौ साल लेट है."

त्याने तिकिटं चिकटवली. शिक्का उचलला.

ठप्प… ठप्प… ठप्प.

मग शिक्का बाजूला ठेवला आणि पावती लिहायला घेतली.

तेव्हा चौथा आवाज आला.

ठप्प.

बाबूचं पेन थांबलं. त्याने शिक्क्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग डब्याकडे.

आवाज डब्याच्या आतून आला होता.

त्याने डबा दोन बोटांनी उचलून टपालाच्या थैलीत सोडला, आणि थैलीचं तोंड घट्ट बांधलं.