पुकाऱ्याला आलेली ओ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण हे घडलं तेव्हा भर दुपार होती आणि कोर्ट माणसांनी भरलेलं होतं.

माझे मामा त्या कोर्टात शिपाई. दाराशी उभं राहून आरोपींची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. आवाज असा खणखणीत, की मामी म्हणायची, "घरात तरी हळू बोला, मी काही फरार नाही!"

त्या दिवशी मात्र मामा यादीतलं एकच नाव पुन्हा पुन्हा वाचत होते.

खटला सरकारविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या पोरांचा. त्यांत माझ्या मावशीचा मुलगा होता. मामांचा सख्खा भाचा. सरकार म्हणत होतं, तो कोठडीतून पळाला. आज पुकाऱ्याला ओ आली नाही, तर तो फरार ठरणार. मग कोठडीत त्याचं काय झालं, हे सांगायला कोणी बांधील नाही.

"दादा, मारून मारून पाय सुजवले होते त्याचे," मावशी म्हणाली. "उभं राहता येईना, तो पळेल कसा?"

मामांनी नाव पुकारलं.

ओ आली नाही.

पुन्हा पुकारलं.

सरकारी वकील हसला. "जोरात ओरडा, सीमेपलीकडे ऐकू जाऊ दे."

मामांनी पुन्हा हाक मारली. आवाज फाटला...

"हजर."

वकिलाचं हसू जागीच विरलं.

पिंजऱ्यातली पोरं बाजूला सरकली... मधे एका माणसापुरती जागा झाली.

"कोण बोललं?" न्यायाधीशांनी विचारलं.

त्यांनी घाईघाईने पुढची तारीख दिली.

मावशीने मामांचा हात धरला. "दादा, विचार ना त्याला, कुठे ठेवलंय..."

पुढच्या तारखेला मामांनी नाव पुकारलं. "हजर" आलं. नोकरी गेली तर गेली, असं म्हणून त्यांनी विचारलं, "कुठे आहेस रे बाळा?"

"इथेच..."

पिंजऱ्यातून नाही. फरशीखालून. खाली पोलिसांची कोठडी होती.

दुसऱ्याच दिवशी कोर्ट दुरुस्तीसाठी बंद झालं. कोठडी बुजवली, वर नवी फरशी बसवली. मामांना घरी बसवलं.

खटला अजून चालू आहे. कोणाचंही नाव पुकारलं, की दोन "हजर" येतात. वकील खोकून वेळ मारून नेतात.

मावशी दर तारखेला जाते. दुसरा "हजर" ऐकते, मगच घरी येऊन जेवते.

परवा आली ती न जेवताच झोपली...

मी तिचं ताट झाकून ठेवलं.