अक्षरं खाल्लेली पेन्सिल

बळीराम घरी आला नाही, हे शुक्रवारी सकाळी कळलं. सन सदुसष्टची गोष्ट. त्याची बायको इंदूबाई सदर भागातल्या पोलीस ठाण्यात आली, तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती.

"काल कचेरीत गेले ते आलेच नाहीत, साहेब. मले लय भेव वाटून राहिलं."

"कुणाशी भांडण?" फौजदार गणपतरावांनी विचारलं.

"नाही जी. पण परवा म्हणे, तुह्या भावाले खाणीत उतरू नको देऊ. काहून, म्हटलं, तं गप बसले. अन् माहा भाऊ गिरिधर तं आज दुपारच्या पाळीले जाऊन राहिला."

गणपतराव उठलेच. इंदूबाईही मागोमाग निघाली.

बळीराम एका खासगी कोळसा कंपनीत नकाशे काढायचा. खाण उमरेडकडे, कचेरी सदरमध्ये. मॅनेजर बाबनराव दारातच भेटले.

"नत्थूला धरा. बळीरामच्या हाताखालचा. त्याला वरची जागा हवी होती. बळीराम सोडला तर कचेरीची चावी तिघांकडेच, मी, नत्थू आणि शिपाई धोंडबा."

नत्थू कोपऱ्यात उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

नकाशे काढायच्या उतरत्या फळीवर खाणीचा नकाशा लावलेला होता. पेन्सिलीच्या रेषांवर अजून शाई चढायची होती. नक्कल मात्र सकाळीच खाणीवर गेली होती.

"हा बोगदा कसला?" गणपतरावांनी विचारलं.

"जुना, पाण्यानं भरलेला. पण दूर आहे, बघा ना," बाबनराव म्हणाले. " आज दुपारी अलीकडे सुरुंग लावायचाय."

गणपतरावांनी त्या बोगद्यावर बोट ठेवलं. बोट काळं झालं. शेजारच्या रेषांवरून दुसरं बोट फिरवलं. ते स्वच्छच राहिलं.

फळीजवळ लाकडी डबा होता. त्यात महायुद्धाच्या आधीच्या जर्मन पेन्सिली. परदेशी माल येईनासा झाल्यावर बळीरामनं महाल भागातल्या एका दुकानातून त्या शोधून आणल्या होत्या. सहा कडांच्या, म्हणजे उतारावरून घरंगळायला नकोत. एका टोकाला सोनेरी अक्षरं. एच म्हणजे कठीण, बी म्हणजे मऊ आणि काळी. सगळ्या कोऱ्या होत्या. एकच तासलेली होती. गणपतरावांनी ती फिरवून पाहिली. अक्षरं कुठंच नव्हती.



गणपतरावांची बायको शोभा शाळेत चित्रकला शिकवायची. गेल्या माघात ती गेली. एकदा त्यांनी हौसेनं तिची पेन्सिल तासून दिली, तर ती म्हणाली होती, "बिचारीचं नाव खाल्लंत हो! आता ही कोण, कुणाला विचारू?"

"धोंडबा, पेन्सिली कोण तासतं?"

"मीच जी, ब्लेडनं. पहिल्या दिवशी उलटी तासली तं बळीरामभाऊ कावले. म्हने, अक्षरं काहून खातं बे, भूक लागली तं माहा डबा खाय! तवापासून दुसरंच टोक."

"त्याची रोजची पेन्सिल कुठंय?"

"ते कानामागं खोसेत. घरी जातानाबी."

नत्थूच्या टेबलावर आखूड झालेल्या पेन्सिली होत्या. प्रत्येकीवर अक्षरं शाबूत होती.

गणपतरावांनी फोन उचलला. "उमरेड. अर्जंट ट्रंक कॉल."

"फोन कशाला?" बाबनराव म्हणाले.

लाइन लागत नव्हती. पाळीची वेळ होत आली होती. गणपतराव रिसीव्हर कानाला धरून बोलू लागले.

"नकाशावाला अक्षरांचं टोक कधी तासत नाही. तासलं तर पेन्सिल कठीण की मऊ, कळणार कसं? नत्थू ही चूक करणार नाही. धोंडबानं एकदा केली, पुन्हा केली नाही. उरलात तुम्ही. बळीराम गेला तेव्हा त्याची पेन्सिल कानामागं गेली, म्हणून तुम्ही डब्यातली कोरी घेतलीत. हाताला लागली मऊ. नकाशा कठीण पेन्सिलीनं काढतात, ती बोटाला लागत नाही. हा बोगदा लागतो. खरा तुम्ही खोडलात आणि दूर काढलात. खरा सुरुंगाच्या तोंडाशीच आहे. बळीराम हे करायला तयार झाला नाही."

बाबनराव खुर्चीत बसले. "कोळसा फार चांगला आहे हो तिथं," ते हळूच म्हणाले.

फोनमध्ये खरखर झाली आणि खाणीवरची लाइन लागली.

"पाळी उतरली काय?"

"अर्धी उतरली जी, अर्धी उतरून राहिली."

"वर काढा! सगळ्यांना! सुरुंग लावू नका! जवळ पाणी आहे!"

मग नुसती खरखर. इंदूबाई दाराची चौकट धरून उभी होती. बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला.

"सगळे वर आले, साहेब."

"गिरिधर?"

"हाय जी. इथंच हाय."

इंदूबाई मटकन खाली बसली. गणपतरावांनी रिसीव्हर ठेवला आणि बाबनरावांकडे वळले.

"बळीराम कुठंय?"

बाबनरावांनी वर पाहिलं नाही. "मोजणी दाखव म्हणून काल जीपनं नेलं. जुन्या खाणीच्या तोंडाशी... ढकललं."

"असतील ना जी ते?" इंदूबाईनं विचारलं. "कशाले तरी धरून असतील ना?"

गणपतरावांनी पुन्हा रिसीव्हर उचलला.

गिरिधर संध्याकाळच्या एसटीनं घरी आला. जुन्या खाणीतलं पाणी अजून उपसायचं होतं.