अर्ध्या भारावरचा धूर

“ताई, पूर्ण भार धरून हिशोब करू नका. बॉयलर अर्ध्यावर आला की धुराचा जोर जातो. मग वारा त्याला कुणाच्याही दारात नेऊन टाकतो,” बॉयलरवरचे म्हातारे काका म्हणाले होते. चिमणीचं डिझाइन तिच्याकडे होतं; तिने ते हसण्यावारी नेलं. धुराचा सेकंदाला पंधरा मीटर वेग निवडला, त्यावर चिमणीचं तोंड बेतलं आणि ड्रॉइंगवर सही ठोकली.

दोन वर्षांनी ती त्याच चिमणीखालच्या क्वार्टरमध्ये राहायला आली, नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन. कारखान्याच्या मालाची मागणी घटली होती. बॉयलर कायम अर्ध्यावर. पंधराचे सात झाले. धूर तोंडाशीच वळून चिमणीच्या अंगाने खाली उतरायचा. दुपट्यांवर काजळी बसली, लेक खोकू लागली. तोंडावर निमुळता शंकू बसवा, वेग वाढेल, असे तिने तीन अर्ज दिले. तिन्ही फायलीत निजले.

मग तिला एक गोष्ट खटकली. वारा उलट दिशेचा असला, तरी धूर त्यांच्याच खिडकीत यायचा. शेजारच्यांच्या काचा लख्ख.

दुरुस्तीसाठी बॉयलर बंद झाला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लेकीच्या उशीवर ताजी काजळी होती. कोमट.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. निजलेल्या लेकीला खांद्यावर टाकून ती तडक कंट्रोल रूममध्ये गेली.

“बॉयलर थंडगार पडलाय, मॅडम. धूर कुठून आणलात?” मॅनेजर म्हणाला. “आणि त्या ड्रॉइंगवर सही कुणाची?”

“माझी. चूक माझीच आहे, म्हणून तर तीनदा लिहून दिलं. माझ्या सहीआड तुम्ही किती दिवस लपणार? पोर खोकून निळी पडते माझी.”

“हे बघा, चिमणीतला वेग.” त्याने तबकडीकडे बोट केलं. “शून्य.”

काटा शून्यावर नव्हता. किंचित वर चढला. शून्याच्या खाली उतरला. पुन्हा चढला.

“वारा असेल,” तो म्हणाला.

तिच्या मानेवर लेकीचा श्वास लागत होता. सुटला की काटा वर. आत गेला की खाली.

तिने स्वतःचा श्वास रोखून पाहिला. काट्याला फरक पडला नाही.

लेक झोपेत खोकली. काटा थरथरला.

मॅनेजरने काचेवर टिचकी मारली.

लेक दचकली.

त्याने हात मागे घेतला.

तुमच्या घरातून एखादी चिमणी दिसत असेल, तर वाचणं इथेच थांबवा. आत निजलेल्या लेकराच्या छातीवर हात ठेवून या. खिडकीकडे नंतर बघा.